सांधणी

मल्लेशमच्या पोरानं फोनवर काढून दाखवलं:
सोलापूर ते विनिपेग
बारा हजार चारशे सत्तर किलोमीटर,
विमानानं तेरा तास बावन्न मिनिटं.
रेघ सरळ वर गेलेली,
तुळजापूरच्या जरा डावीकडनं,
उत्तर ध्रुवाला खांदा घासून पलीकडं खाली.
म्हटलं, सोलापुरातनं असं विमान कुठाय रे?
तो म्हणाला, काका, हे नुसतं अंतर हाय.

नागमणी त्या रेघेवरनं गेली नाही.
सोमवारी रात्री साडेदहाच्या बसनं हैदराबाद,
सामानात दोन किलो शेंगाचटणी,
बाळाची टोपडी, आणि मोराची चादर
जिच्या तारा मीच सांधलेल्या.
मग दोहा. मग टोरांटो, तिथं आठ तास बाकावर.
श्रावंतीला नववा लागलाय,
तिकडं कोण हाय तिला?
बसच्या पायरीवर एवढंच म्हणाली,
दूध रोज तापवा, विसरू नका.

मी सांधणीवाला.
मागावरचा बीम संपत आला
की नवा बीम लावायचा,
जुन्याच्या चोवीसशे तारांना
नव्याच्या चोवीसशे जोडायच्या.
अंगठा, तर्जनी, चिमूटभर राख, पीळ.
मिनिटाला दहा गाठी, चार तासांत एक बीम.
तेरा तास बावन्न मिनिटं म्हणजे
साडेतीन बीमला जरा कमी,
हे मला कळतं.
ताशी नऊशे म्हणजे काय, ते नाही कळत.

बुधवारी रात्रपाळी. साखर पेठेतला कारखाना,
आजूबाजूचे अकरा माग खडखडायलेत,
माझ्यापुढचा तेवढा गप्प.
सांधताना माग बंदच असतो.
तीसुद्धा आता अशीच कुठंतरी
आवाजाच्या मधोमध गप्प बसली असेल,
पट्टा सोडायला घाबरत.

हात चालतो तेव्हा डोकं मोकळं असतं.
हिशेब केला:
एक तार बाराशे मीटर,
चोवीसशे तारा एकापुढं एक धरल्या
तर अठ्ठावीसशे ऐंशी किलोमीटर.
साडेचार बीमात विनिपेग येतं,
वर चारशे नव्वद उरतात.
ते गाठींना लागतील म्हणून सोडून दिले.
एवढं सूत तर मी आठवड्यात हाताखालनं घालतो,
आणि चाळीस वर्षांत
हैदराबादच्या पुढं गेलो नाही.

साडेपाचला शेवटची तार सांधली, तेव्हाच फोन.
पोचले, म्हणाली. विमानात कान दुखला.
सगळं पांढरं हाय बाहेर, कापूस पिंजल्यागत.
पंचावन्न तास लागले, मी मोजले.
इथं बुधवारच हाय अजून, म्हणाली, संध्याकाळचे सहा.
काय करायलाव?

तिच्या बुधवारी संध्याकाळी सहाला
मी घरी होतो, शर्ट शोधत होतो,
दूध उतू गेलेलं,
यातली एक गाठ मारलेली नव्हती.
ते कसं सांगायचं?
काय नाही, म्हटलं. बीम झाला.
दूध? तापवलं.

बटण दाबलं. माग सुरू झाला,
गाठी फणीतनं पुढं सरकायला लागल्या.
पहिल्याच हातभर कापडात अकरा सुटल्या.
एवढ्या कधी सुटत नाहीत माझ्या.
मल्लेशमनं मान वर करून बघितलं,
बोलला काही नाही.
मी माग थांबवला,
चष्मा पुसला,
वाकलो.