उरेब

तिसरा मजला, एकोणीस नंबरच्या खोलीबाहेर
हातात फॉर्म दिलाय.
पेन टेबलाला दोऱ्याने बांधलेलं,
दोरा आखूड, म्हणून वाकून लिहायचं.

मुलाचं नाव: निमिष विलास परुळेकर.
वय चौदा. इयत्ता नववी.
तक्रार काय? तीन ओळींची जागा.
लिहिलं, वर्गात बाक फेकला.
लिहिलं, तीन आठवडे कुणाशी बोलत नाही.
तासन् तास मोरीची कडी आतून लावून बसतो,
ते तिसऱ्या ओळीत मावलं नाही.

प्रश्न अकरा.
पहिल्या वर्षात बाळाचा स्वभाव कसा होता?
शांत, चिडखोर, मध्यम.
एकाच चौकटीत खूण करा.

चौकट वाटाण्याएवढी.

भांडुपला, टेंबीपाड्याच्या चढावर आमची खोली.
पाणी पहाटे साडेचारला.
शेजारच्या हंड्याला हंडा लागला
की हा जागा,
आणि सात वाजेपर्यंत रडणं, निळा पडेस्तोवर.
कुकरची शिट्टी व्हायच्या आत
मी धावत जाऊन त्याचे कान झाकायचे.
झबलं उलटं घालायचे, शिवण बाहेर,
टोचायची त्याला.
नवं माणूस दारात आलं की अंगाचं लाकूड.
शिर्केवहिनी म्हणाल्या, दृष्ट काढ. काढली.
सासूबाई म्हणाल्या, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात.
बघायचे मी पाय.
साडीच्या झोळीतून बाहेर आलेले,
एकमेकांवर घासून टाचा सोललेले.
पायच होते ते.
त्यात बाक दिसला नाही, कडी दिसली नाही.

जुई झाली तेव्हा कळलं, बाळं झोपतात.
पंखा बंद पडला तरी झोपतात,
कुणाच्याही कडेवर जातात.
मी विलासला म्हटलं,
"बघ, माझं काही चुकत नव्हतं. हाच तसा."
हा चार वर्षांचा, दाराआड उभा.
ऐकलं असेल का?
फॉर्मवर हा प्रश्न नाही.

मी फॉल-पिको करते, ब्लाऊज शिवते.
सरळ सुतातलं कापड ओढलं तरी खपवून घेतं.
उरेब पट्टी मात्र ओढायची नाही.
ओढलीस की लांबेल, लाटा पडतील,
मग इस्त्री फिरव नाहीतर डोकं आपट.
नुसतं बोट टेकव, तिच्या चालीने जाऊ दे,
क्लासच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं.
गळपट्ट्या किती केल्या, हिशेब नाही.
एकही ओढली नाही.

आणि ह्याला
बालवाडीच्या पायरीवर बोटं सोडवून आत लोटला.
लग्नाच्या हॉलात, स्पीकरच्या खाली,
हस, काकांच्या पाया पड, हस ना जरा.
विलासने पट्टा काढला त्या रात्री
मी मशीनवर बसून राहिले,
सुईत दोरा नसताना पायडल मारत,
आवाज मोठा व्हावा म्हणून.

तो शेजारीच बसलाय, गुडघे हनुवटीला.
मानेपाशी बघते तर
टी-शर्ट उलटा. शिवण बाहेर.
आता स्वतःच घालतो तसा.
सरळ कर म्हणायला तोंड उघडलं होतं,
मिटलं.

समोरच्या बाकावर कुणाचं तरी तान्हं
कधीचं किंचाळतंय.
आई हलवते, थोपटते, बाटली देते,
लोक बघतात म्हणून आणखी जोरात थोपटते.
ऑक्टोबरचा उकाडा, बाळाला लोकरीची कानटोपी.

"टोपी काढा त्याची,"
कुणीतरी बोललं. फाटका, घोगरा आवाज.
मला ओळखू यायला क्षण लागला,
तीन आठवड्यांत आवाज फुटलाय त्याचा.
"टोचतेय त्याला."

बाईने काढली.
बाळ थांबलं असं नाही. जरा कमी झालं.
ह्याने पुन्हा डोकं गुडघ्यात घातलं.

आतून नंबर पुकारला. आमचाच.
प्रश्न अकरा कोरा.
तिन्ही चौकटी सोडून, समासात,
लिहायचं म्हणून पेन ओढलं.
दोरा पुरेना.
मी अजून वाकले.