फाटक क्रमांक तीन

सकाळी सव्वासातला मी चिऱ्यांच्या गडग्यावर बसते,
मांडीवर फळी, फळीवर तक्ता.
रकाने: दुचाकी, चारचाकी, बस, टिपर, इतर.
रस्ता तीन मीटर वीस.
दोनदा मोजला; टेप दवानं ओला होता म्हणून तिसऱ्यांदा.
एका अंगाला कायतानच्या घराची भिंत,
दुसऱ्या अंगाला खुरीस, पायाशी विझलेली मेणबत्ती.
मी लिहिलं: स्थिर अडथळे.
कायताननं चष्मा लावून वाचलं
आणि म्हणाला, मलाही त्यात धर.

सात बत्तीस. पदेर.
सायकलच, पण टोपली अर्धा रस्ता खाते. इतर.

सात चाळीस. बालरथ.
वळायला जागा नाही, म्हणून सगुण गावस
देवळापासून उलटा येतो, दोनशे मीटर,
आरशावर विश्वास नसल्यासारखी मान बाहेर काढून.
मी डांबरावर खडूनं कमान काढते,
त्याला वळणाची त्रिज्या समजावते.
तो वाकून बघतो.
"बस वळना, बाय. वळोवची पडटा."
मुलं त्या कमानीवरून लंगडी घालत वर्गात जातात,
आठपर्यंत माझी त्रिज्या पुसलेली.

नवी शाळा दुमजली.
म्हणजे काँक्रीट, म्हणजे मिक्सर,
म्हणजे दिवसाला चौदा फेऱ्या याच रस्त्यानं.
कंत्राटदाराचे प्रभुगावकर फोनवर:
मॅडम, मालाला शाळेची घंटा कळत नाही.
मुलांना तरी माल कुठं कळतो, मी म्हटलं.
वाक्य मला आवडलं, म्हणून अहवालात घातलं नाही.
घातलं एवढंच:
सव्वासात ते सव्वाआठ, साडेबारा ते दोन,
अवजड वाहनांस मनाई.

तिसऱ्या दिवशी बेरीज जुळेना.
वर्गांत एकशे बारा,
फाटकातून आत गेलेली एकशे तीन.
घाडीबाई हसल्या. ती नऊ होय?
ती खाजनातून येतात.

शाळेच्या मागं गेले.
एका पावलाचा बांध,
मानशीच्या फळ्यांना भरतीचं पाणी रेटत होतं.
चपला हातात, एकामागं एक,
सगळ्यांत मोठी मुलगी शेवटी,
डोक्यावर भावाचंही दप्तर.
कुंपणाला एक भोक. त्यातून आत.
भोकाच्या कडेची तार
पाठींनी घासून घासून गुळगुळीत झालेली.

माझ्या नकाशात तिथं पत्र्याचं कुंपण होतं.
निळं, आठ फुटी, सलग.
मीच काढलेलं,
पट्टी एकदाही न उचलता.

तिचं नाव उर्विता. सातवी.
रस्त्यानं का येत नाही गं?
रस्त्यानं साडेतीन किलोमीटर.
आणि बालरथ?
आमच्या वाड्यावर रस्ताच नाही, मॅडम.
भूगोलाच्या तासाला सांगतात
तसं सांगितलं, हात मागं बांधून.

मग फाटक क्रमांक तीन.
रुंदी एक मीटर वीस, केवळ पादचाऱ्यांसाठी,
बाजूला बांबूचा कठडा, खाली चार चिरे,
म्हणजे चिखलात पाय जाणार नाही.
प्रभुगावकरांनी एकच विचारलं: किल्ली कोणाकडे?
त्यांचा रखवालदार नऊला येतो.
बाई तेव्हा प्रार्थनेपाशी.
'जबाबदार व्यक्ती' हा रकाना मी कोरा पाठवला.
खात्याकडून शेरा आला: नाव द्यावे.

सगुण म्हणाला, बस लावली की
दहा मिनिटं मी विडीच ओढतो.
"दी माका."
ज्याची बस त्या वाड्यावर कधी गेली नाही
त्याचं नाव मी लिहिलं, पदासकट: चालक.

पत्रे लागले. टिपर येतात, बहुतेक वेळेवर थांबतात.
मंगळवारी एक आठला दहा कमी असताना घुसला,
कायताननं खुर्ची रस्त्यात टाकली आणि वर बसला.
त्याबद्दल मी कुठेही काही लिहिलेलं नाही.

खाऱ्या वाऱ्यानं कुलूप आठवड्यात धरलं.
सगुणच्या स्टिअरिंगपाशी आता
खोबरेलाची बाटली असते,
बुचाला भोक पाडलेली.