इतार

चित्रफीत सुरू होते तीच
हमदुलेचा हात त्या पठाणाच्या कॉलरवर असताना.
शारजा-धैद रस्ता, दुपारचे सव्वादोन.
आवाज नाही.
हमदुले ओढतो. पठाण कठड्यावर आपटतो.
संपलं.

गस्तीच्या गाडीचा दिवा पेटला की
कॅमेरा जागा होतो.
आणि दिवा पेटला, तो कॉलर दिसली म्हणून.

अधिकारी सभ्य. चहा मागवतो.
"हा काय ओरडतोय, तेवढं लिहून दे."
मी दुभाषी; ओठ वाचायचे पैसे वेगळे नसतात.
तरी वाचतो. घाबरलेलं तोंड
थेट दापोलीला जाऊन बोलतं:
सरक रं! टायर—

काचेच्या डाव्या कडेला, क्षणभर,
भाकरीएवढी गोल सावली.
"काचेवरचा डाग," अधिकारी म्हणतो.
पठाणाला विचारावं, तर तो
तीन दिवस शुद्धीवर नाही.
ज्या ट्रेलरचं चाक निखळलं
तो कुठल्या कुठे गेला असेल.

मी अरबीत लिहितो: इतार.
त्या भाषेत टायरही इतार,
चौकटही इतार.
अधिकारी वाचतो, भुवई उचलतो,
"कसली चौकट?"

बाहेर बाकावर हमदुले.
मुठीत कॉलरचं तुटलेलं बटण,
ज्याचं त्याला परत द्यायला.