अकरा मीटर

वेग चाळीस. इथं पिवळा शंकू,
तिथून अकरा मीटरवर पांढरी रेघ.
पाऊस असेल तर चौदा.
टीचभर पुढं गेलात तर पुन्हा या.
योकोतेच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये
सव्वीस वर्षं मी एवढंच करतोय :
माणसांना थांबायला शिकवतो.

इगाराशी हात्सुए, वय एकसष्ट.
एकतीस हिवाळे टपाल वाटलं बाईंनी
लहानशा लाल गाडीवर, चाकांना साखळ्या बांधून.
बर्फात पुढचा ब्रेक दाबला
की चाक निसटतं पायाखालचं.
म्हणून सगळी भिस्त उजव्या पावलावर,
आणि पुढच्या लिव्हरपाशी हात आखडता.

पहिल्या दिवशी मागचं चाक फरफटत,
शेपूट हलवत एकोणीस मीटर.
रस्त्यावर रबराची काळी ओळ.
मी म्हणालो, पुढचा. पुढच्याशिवाय गाडी थांबत नाही.
दुसऱ्या दिवशी त्यांनी फारच ऐकलं माझं.
करकचून मूठ वळली,
गाडी आडवी, बाई आडव्या,
आणि हेल्मेटच्या आतून आवाज :
"पोचलं पार्सल. सही कोण करतंय?"

मग गाडी उभी ठेवून, इंजिन बंद करून,
मी मागून ढकलत राहिलो आणि त्या दाबत राहिल्या.
आधी नुसतं विचारा.
काटे जरा खाली बसू देत,
अंगाचं वजन पुढं येऊ दे,
टायर जमिनीला भिडू दे.
मग मागा. मग हवं तेवढं मागा, देईल.
गुडघ्यांनी टाकी आवळा, हात मोकळे.
क्लच अगदी शेवटी.
आणि रेघेकडे बघू नका हो,
रेघेकडे बघणारा रेघेपलीकडेच जातो.
तो निळा पत्रा दिसतोय ना, कुंपणापल्याड? तो बघा.

"म्हणजे दार ठोठावायचं," त्या म्हणाल्या,
"लाथ मारायची नाही."

हो. तेच ते.
(माझा डावा गुडघा पावसाआधी ठणकतो.
सत्ताविसाव्या वर्षी मी लाथच मारली होती.
त्याबद्दल कुणी विचारत नाही,
मीही सांगत नाही.)

रविवारी त्यांच्या शेडमध्ये गेलो.
चारशे सीसीची गाडी, लाल.
वाटेवरच्या शेवटच्या घरातल्या निहेईंनी विकली होती,
आता मला पत्रं येत नाहीत, म्हणाले, तूच ने.
लिव्हर दाबली तर भिजल्या पोह्यांसारखी,
थेट मुठीला टेकली.
डबीतलं तेल उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहाचं.
टाकीवर ओलं फडकं पसरलं, तेल रंग खातं,
आणि बाई पाना घेऊन चाकापाशी बसल्या.
दाबा.
धरा.
त्यांनी नटाला पाव फेरा दिला.
पारदर्शक नळीतून बुडबुडे निघाले,
माशाच्या अंड्यांसारखे, एकाला एक चिकटून.
कसा. आता सोडा.
पुन्हा दाबा. धरा.
कुणी कुणाला हुकूम देत होतं
ते चाळिसाव्या खेपेला कळेनासं झालं.
हवा किती चिवट असते!
नळीवर टिचक्या मारल्या,
चहा प्यायलो, पुन्हा बसलो.
अंधार पडता पडता लिव्हर बोटांखाली
घट्ट झाली, पाटीवरच्या पेन्सिलीसारखी.
"इतकी वर्षं निहेई कशावर थांबत होते?"
बाईंनी विचारलं.
मला काय माहीत.

परीक्षेला पाऊस.
म्हणजे आज चौदा.
शंकू गेला. गाडीचं नाक वाकलं,
पाणी दोन्ही बाजूंनी उडालं,
मागचं चाक हलकं झालं पण हललं नाही.
जीव मुठीत धरणं म्हणतात
ते असंही असतं तर :
धरायचा, चिरडायचा नाही.

अकराच्या अलीकडे. डावा पाय खाली.
परीक्षकानं काहीतरी लिहिलं,
मी छत्रीखालून हात वर केला.
बाईंना दिसलाच नाही तो.
उजव्या हाताची चार बोटं तशीच लिव्हरवर,
आणि त्या अजून
निळ्या पत्र्याकडे बघत होत्या.