डावा पंख

पाथर्डी फाटा, तिसरा मजला.
जेवणाच्या टेबलाला जॉयस्टिक आवळलेली,
शेजारी चिवड्याची ताटली, कांदा वेगळा.
निरगुडेकाका म्हणाले,
"पोरी, हे खोटं पडतंय."

मी आलेख उघडून दाखवला.
सोळा अंशाला उचल शिखरावर,
सतराला हवा पंखाची पाठ सोडते,
नाक खाली, दोनशे फूट खर्च.
सगळं पुस्तकाबरहुकूम.

"उचल?" काका हसले.
"ओझरला आमच्याकडे उचल म्हणजे
पगाराआधी घेतलेले पैसे. पुढच्या महिन्यात कापून जायचे."
इथंही तसंच आहे, काका.
जेवढी उचल घ्यावी तेवढी मागे ओढ लागते.
हवा हिशेब ठेवते.
"ठेवते ना?
मग पाडताना एवढी सभ्य कशी?"

निफाडला पारा सहावर होता त्या रात्री.
थंड हवा दाट; तेवढं मी गणितात धरलं होतं.
रामशेजचा माथा धरला होता, त्यावरून घसरणारा वारासुद्धा.

काका चिवडा चघळत सांगत राहिले.
एकतीस वर्षं रिव्हेट मारले.
उजवा पंख सकाळी, डावा जेवणानंतर.
कुणाची लेक बाळंतपणाला आलेली,
कुणाचं चित्त कालिकेच्या जत्रेत.
एखादा रिव्हेट केसभर वर राहायचा,
तपासनीस बोट फिरवून पुढे जायचा,
मापात असायचा ना तो.
टेस्ट पायलट उतरला की हेल्मेट काखेत,
थेट आमच्या शेडमध्ये:
"डावा आधी झुकला आज. कुणाचा हात?"
कुणीच बोलायचं नाही.

पावणेदोनला मी एक ओळ लिहिली.
डाव्या पंखाला अर्धा अंश आधी थकू दिलं.
आधी शेपटीत थरथर, मग दांड्यात,
मग डावं टोक,
कुणी मागून बाही ओढावी तसं.
त्या आकड्याला नाव हवं होतं.
'जेवणानंतर' असं ठेवलं.

दुसऱ्या संध्याकाळी काही न सांगता
ओझरच्या धावपट्टीवरून वर. चार हजार फूट.
वेग काढत गेले, काढत गेले.

काकांनी विमान कधी चालवलेलं नाही.
बसले ते एकदाच, लेकीकडे बंगळुरूला, मधल्या सीटवर.

डावा गेला.

काका काही बोलले नाहीत.
टेबलाखाली त्यांचा उजवा पाय, चपलेसकट,
फरशी दाबून धरत होता.