एकोणीस

पहाटे साडेपाचला कंपूच्या मैदानावर
धुक्यात किल्ला नसायचाच.
आधी शिट्टी यायची, मग तिच्यामागून पागनीस मॅडम:
तपकिरी स्वेटर, सुती साडी,
साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट.
पाच एकतीसला पोचलेली मुलगी
त्या दिवशी नुसते चेंडू पुसायची.

"चेंडू काय, कुणीही झेलेल," म्हणायच्या.
"हातात चेंडू नसताना तू कुठे असतेस, ते दाखव."
हे माझ्याशी मराठीत,
गुड्डी तोमरशी हिंदीत,
आणि फार रागावल्या की कुणाशीच नाही.
मग आम्ही आपापल्या चुका
त्यांच्या पाठीवरून वाचायचो.

नेम चुकला तर एक फेरी.
निमित्त सांगितलं तर दोन.
शाबास हा शब्द त्यांनी चार वर्षांत
एकदाही मोडला नाही, बंद्या नोटेसारखा.

मी बाराव्या नंबरची. बाकावरची.
माझ्या हाती त्यांनी लाल पुठ्ठ्याची वही दिली:
कोण किती चुकलं, लिहीत जा.
मी मैत्रिणींच्या चुका सुवाच्य अक्षरात लिहिल्या.
सराव संपल्यावर बेडईचा पुडा फिरायचा
आणि माझ्यापर्यंत येईतो गार झालेला असायचा.

मेहजबीनला त्यांनी अंगात ताप असताना पळवलं.
ती परत आली नाही.
मॅडम सायकलरिक्षा करून मुरारला गेल्या,
तिच्या पायरीवर तासभर बसल्या.
दार उघडलं नाही.
दुसऱ्या दिवशी सराव साडेपाचलाच.
हे मी त्यांना माफ केलेलं नाही.
त्यांनी मागितलंही नव्हतं.

मग जबलपूर. फायनल.
गुड्डीचे चार फाऊल झालेले, पाचवा नको
म्हणून मॅडमनी तिला बाहेर बसवलं,
शेवटच्या मिनिटासाठी राखून.
शेवटचं मिनिट आलं.
गुड्डी टेबलापाशी उभी, आत जायला वाकलेली,
आणि चेंडू काही केल्या थांबेचना.
एका गुणाने.

परतीच्या गाडीत कुणी डबा उघडला नाही.
गुड्डी खिडकीच्या गजांना कपाळ टेकून,
मॅडम समोरच्या बाकावर ताठ.
दोघींच्या मध्ये चेंडूंची जाळी
रात्रभर इकडून तिकडे हलत राहिली.

त्यानंतरच्या पहाटे शिट्टी आलीच नाही.
धुक्यात नुसते बूट वाजत होते.
चोपन्न वर्षांच्या पागनीस मॅडम
निऱ्या वर खोचून मैदानाला फेऱ्या घालत होत्या.
गुड्डी मागोमाग निघाली.
"वहीं खड़ी रहो."
आणि मला, न थांबता:
"वही काढ. माझं नाव लिही. वीस. मोज."

नाव लिहिताना पेन दोनदा अडलं.
अकराव्या फेरीला त्यांची धाप ऐकू यायला लागली.
पंधराव्याला पदर सुटला, तो त्यांनी पळता पळता बांधला.
पुढे पुढे त्या पळत नव्हत्या, चालतही नव्हत्या,
एकेक पाऊल मैदानाकडून मागून घेत होत्या.
आम्ही अकराजणी रांगेत उभ्या,
कुणाला हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं.
एकोणीस झाल्या
तेव्हा मी म्हटलं, वीस.

त्या थांबल्या. हात गुडघ्यांवर.
श्वास जागेवर येईपर्यंत
माझ्याकडे बघत राहिल्या.
"एकोणीस," म्हणाल्या,
आणि विसावी घालून आल्या.

मग माझ्या हातातली वही घेतली,
स्वतःच्या नावाखाली माझं नाव लिहिलं.
चार वर्षांत त्या वहीत पहिल्यांदाच.
पुढे आकडा: दोन.

मी पळाले.
सगळा संघ कडेला उभा राहून मोजत होता, मोठ्याने,
आणि एकीनेही मला
पाऊलभर सूट दिली नाही.

त्या दिवशी बेडई गरम होती.