दोन अस्वलं, रात्री

नोव्हेंबर संपत आला तेव्हापासून
वार्डोला सूर्य नाही.
दवाखान्याची खिडकी सकाळी दहालाही काळी,
तिच्यात माझाच मास्क दिसतो
आणि मागे खुर्चीत
सात वर्षांची एरिन, पाय लोंबकळते.

आ कर, म्हणते मी.
दिव्याचा गोल तिच्या तोंडात शिरतो.
या बेटावर आजचा तेवढाच उजेड.
दाढांच्या खाचांत तीन ठिकाणी काळं.
माझी सळई अडकते,
ओल्या लाकडात सुई रुतावी तशी.

"गोड खातेस?"
"फक्त शनिवारी." खरं सांगते ती.
आई, रॅग्नफ्रिड, मासळीच्या कारखान्यात रात्रपाळीला.
बोटांना अजून बर्फाचा वास.
"बाकी काही नाही," म्हणते, "जीवनसत्त्वाची अस्वलं तेवढी.
दात घासून झाले, दिवा मालवला,
की निघायच्या आधी
एक लाल, एक पिवळं, तिच्या तळहातावर."

मग, मी विचारलं नसताना :
"सूर्य तर मला देता येत नाही."

काय बोलायचं असतं यावर?
अस्वल चिकट असतं, हे मला ठाऊक.
रात्री लाळ झोपते, अस्वल जागं राहतं
दाढेच्या खाचेत पाठ टेकून.
साखरेला कळत नाही
आपण कुठल्या डब्यातून आलो,
मिठाईच्या की औषधाच्या.

पण हे सांगणारी मी कोण?
माझ्या टेबलावर हा पेला, फसफसणारा,
संत्र्याच्या चवीची क जीवनसत्त्वाची गोळी,
सकाळपासून घोट घोट, दोन रुग्णांच्या मधे.
माझ्या पुढच्या दातांच्या कडा
काचेसारख्या झाल्यात, आरपार.
गार वाऱ्यात ओठ मिटून चालते,
लोकांना वाटतं, डॉक्टर अबोल.
ब्रह्मज्ञान सांगणारा पाषाण
निदान कोरडा तरी असतो.
मी आंबट पाण्यात भिजलेली.

आमच्या घरी बाटली होती, कॉडच्या यकृताच्या तेलाची,
दाराबाहेर थंडीत ठेवलेली.
महिन्याच्या नावात र आला की चमचा.
एकच चमचा, चार भावंडं, रांग.
होडीचं वंगण चाटल्यासारखी चव
आणि दुपारपर्यंत ढेकर.
दातांपाशी ते तेल थांबायचंच नाही,
वाट चुकल्यासारखं सरळ खाली.
म्हणून जुनं ते सोनं, असं म्हणणार होते,
पण बाबा आठवले, ओडमुंड,
साखरेचा खडा दातांत धरून काळी कॉफी पिणारे,
चाळिशीत कवळी.
हाडं मात्र शेवटपर्यंत ओंडक्यासारखी.

"गोळी गिळता येते का तिला?"
"घशात अडकते."
"मग थेंब द्या. जेवताना, पावावर.
अस्वलच हवं तर तेही ताटाबरोबर,
वर पाणी. घासणं अगदी शेवटी.
घासल्यानंतर फक्त पापा.
तो चिकटला तरी चालतो."

रॅग्नफ्रिड हसत नाही.
"दोन वर्षं," पुटपुटते, "रोज दोन..."
हिशेब पुरा करत नाही.
मी मास्क काढायला हवा होता तेव्हा,
माझे दात दाखवायला हवे होते.
नाही दाखवले.

एरिन विचारते,
"मग रात्री अस्वलं कुठं झोपणार?"
डब्यात, म्हणते मी. झाकण लावून.
हे तिला पटत नाही.

दोन दाढा आज भरल्या.
तिसरी सूर्य आल्यावर.
त्या दिवशी किल्ल्यावर तोफ उडते, शाळेला सुट्टी,
तेव्हा ये, म्हटलं,
तर म्हणाली, सुट्टीच्या दिवशी कोण येतं दाताच्या डॉक्टरकडे.

त्या गेल्या. दाराशी त्यांच्या बुटांचा बर्फ
वितळून डबकं झालंय.
पेल्यात अर्धं उरलंय, बुडबुडे थांबलेले.
ओतून द्यावं.
ओतत नाही.
ड्रॉवर उघडून
निदान एक नळी शोधते.